अंतराळात वैमानिकच का?

अंतराळात वैमानिकांनाच का पाठवतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अंतराळावर बोलायला कुठल्याही शाळेत गेलो, की हा प्रश्न हमखास येतो. राकेश शर्मा वायुदलाचे, शुभांशू शुक्ला वायुदलाचे, गगनयान या भारताच्या मानवी अंतराळमोहिमेसाठी निवडलेले चौघेही वायुदलाचेच. मग शास्त्रज्ञांनी काय घोडं मारलंय?

खरं तर नुसतं लढाऊ विमान चालवता येऊन भागत नाही. गगनयानचे चौघेही चाचणी वैमानिक आहेत. नवं विमान कुठवर साथ देतं हे ते उडवून बघायचं, बिनसलं तर काय बिनसलं ते हवेतच ओळखायचं आणि खाली येऊन इंजिनिअरांना नीट सांगायचं, हे त्यांचं रोजचं काम. १९५८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी अंतराळवीर लष्करी चाचणी वैमानिकांतूनच निवडायचं ठरवलं, त्यामागे हे काम हेही एक कारण होतं.

त्याचा कस लागला १६ मार्च १९६६ ला. अमेरिकेच्या जेमिनी-८ यानात नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट होते. अजेना या मानवरहित यानाला त्यांनी आपलं यान जोडलं. अंतराळातली ही पहिलीच जोडणी. थोड्याच वेळात जोडी गिरक्या घ्यायला लागली. त्या वेळी जमिनीशी संपर्क नव्हता. संशय अजेनावर, म्हणून ते सुटे झाले, तर गिरक्या आणखी वाढल्या! दोष जेमिनीच्याच, यान वळवणाऱ्या एका छोट्या इंजिनात होता. ते चालू अवस्थेत अडकलं होतं. सेकंदाला जवळपास एक गिरकी, नजर धूसर होत चाललेली, शुद्ध हरपायची वेळ आलेली. आर्मस्ट्राँगनी वळवणाऱ्या इंजिनांची ती अख्खी यंत्रणा बंद केली आणि परतीसाठी राखून ठेवलेली वेगळी छोटी इंजिनं वापरून यान स्थिर केलं. ती एकदा वापरली की लगेच परतायचं, असा नियम. तीन दिवसांची मोहीम अकरा तासांच्या आत पॅसिफिकमध्ये संपली, पण दोघं जिवंत परतले.

हे त्यांना ऐन वेळी सुचलं नव्हतं, असं मला ठामपणे वाटतं. आर्मस्ट्राँगनी एक्स-१५ हे रॉकेट-विमान सात वेळा उडवलं होतं. विरळ हवेत विमान वळवणाऱ्या शेपटीकडच्या हलत्या पट्ट्या निकामी होतात, म्हणून त्या विमानाचं नाक वळवायलाही छोटी रॉकेट-इंजिनंच होती. हाताला ते वळण आधीच लागलेलं होतं.

रशियाची वाट वेगळी. पहिले अंतराळवीर गागारिन लढाऊ वैमानिक होते, चाचणी वैमानिक नव्हते. त्यांचं व्होस्तोक यान बहुतांशी आपोआप चाले. म्हणूनच १९६३ मध्ये कापडगिरणीत काम केलेल्या, पॅराशूटने उड्या मारणाऱ्या वालेन्तिना तेरेश्कोवा अंतराळात जाऊ शकल्या.

आणि शास्त्रज्ञही गेलेच की! यान भरवशाचं झालं तेव्हा, म्हणजे डिसेंबर १९७२ मध्ये, भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट अपोलो-१७ मधून चंद्रावर उतरले. त्याआधी त्यांना जेट विमान उडवायला शिकावं लागलं होतं. चंद्रावरची केशरी माती पहिल्यांदा त्यांच्याच नजरेला पडली. ती ज्वालामुखीतून उडालेल्या काचेच्या बारीक मण्यांची निघाली.