३३ मिलिसेकंदांपर्यंत पोहोचताना

माझे बाबा धंतोलीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन आहेत. त्यांच्या शर्टाच्या खिशाला लावलेला टीएलडी बॅज मी लहानपणापासून बघत आले. दर तीन महिन्यांनी तो मोजणीसाठी जातो आणि त्या काळात अंगावर किती किरणं पडली त्याचा आकडा येतो. त्या बॅजमध्ये डिस्प्रोशियम मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट असतं, हे मला एम.एस्सी.ला आल्यावर कळलं. आमच्या नागपुरात ल्युमिनेसन्सच्या, म्हणजे अशा उजेड देणाऱ्या पदार्थांच्या, संशोधनाची परंपरा जुनी. माझ्या गाईड मॅडमही त्याच विषयातल्या, आयुष्य फॉस्फरमध्ये, म्हणजे याच पदार्थांमध्ये, घालवलेल्या.

म्हणून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी ‘क्रॅब पल्सारचा एक्स-रे अभ्यास’ असा विषय घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा मनात धाकधूक होती. क्रॅब म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा अवशेष, आणि त्याच्या मध्यावर गरगर फिरत ठोके देणारा तारा म्हणजे पल्सार. मॅडमनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “ताऱ्यातलं मला फार कळत नाही. डिटेक्टरमधलं कळतं. तू आधी डिटेक्टर समजून घे, तारा त्याच्या मागून येईलच.” पुढचे पाच महिने मी त्या एका वाक्यावर काढले. हा अनुभव लिहिते आहे तो अशासाठी, की मोठी दुर्बीण नाही, संस्थेची ओळख नाही, फक्त एक जुना डेस्कटॉप आहे अशा मुलामुलींना हे काम आपल्या गावात बसून करता येतं. रस्ता मात्र कुणीतरी पायाखालचा करून द्यायला हवा.

आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाचा डेटा सगळ्यांना खुला आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० नं तो वर गेला, सुमारे ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत. निरीक्षण ज्यांनी मागितलं त्यांच्यासाठी राखलेला काळ संपला, की इस्रोच्या इंडियन स्पेस सायन्स डेटा सेंटरवर नाव नोंदवून कुणीही त्या फाइल उतरवून घेऊ शकतं. पैसे लागत नाहीत. क्रॅब तर उपकरणं तपासण्यासाठीच पुन्हापुन्हा बघितला जातो, त्यामुळे त्याची निरीक्षणं भरपूर. मी त्यातली सीझेडटीआय या एक्स-रे टिपणाऱ्या उपकरणाची निवडली. नोंदणी सोपी होती. डाउनलोड मात्र रात्री लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघायचं, तीन रात्री मध्येच तुटलं.

लिनक्स टाकणं, नासाचं हीसॉफ्ट हे एक्स-रे डेटा हाताळायचं पॅकेज आणि त्यावर सीझेडटीआयची पाइपलाइन, म्हणजे कच्च्या नोंदी पायरीपायरीनं साफ करणारे प्रोग्रॅम, बसवणं यात अकरा दिवस गेले. मे महिना, बाहेर पारा ४५ च्या वर, महाल भागातलं आमचं घर पत्र्याचं. कूलरसमोर खुर्ची टाकून मी कंपाईल लावायची आणि तीन तासांनी कुठल्याशा लायब्ररीपाशी ते थांबायचं. दोन गोष्टी सांगून ठेवते. फोरट्रानचा कंपायलर आधी बसवा आणि कॅल्डबीचा पाथ टर्मिनल उघडल्यावर आपोआप लागेल असा लिहून ठेवा. कॅल्डबी म्हणजे डिटेक्टरच्या कॅलिब्रेशनचा साठा. तो सापडला नाही तर प्रोग्रॅम चालल्यासारखा दिसतो आणि पुढे भलतीकडेच अडकतो. माझे चार दिवस यातच गेले.

खरी मजा डिटेक्टर समजून घेताना आली, आणि तिथं बाबा कामाला आले.

सीझेडटी म्हणजे कॅडमियम झिंक टेल्युराइडचा स्फटिक, ५ मिलिमीटर जाडीचा. एक्स-रेचा एक फोटॉन आत शिरला की त्याच्या ऊर्जेप्रमाणे इलेक्ट्रॉन मोकळे होतात, दर ४.६ इलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जेचं एकक) साधारण एक. ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन असेल तर सुमारे १३ हजार. ते मोजले की फोटॉनची ऊर्जा कळली. जर्मेनियमचा डिटेक्टर चालवायला द्रव नायट्रोजनाइतकी थंडी लागते, याला तेवढी लागत नाही. ॲस्ट्रोसॅटवर असे ६४ तुकडे चार भागांत मांडले आहेत आणि प्रत्येक तुकड्यात २५६ पिक्सेल. एकूण १६,३८४. हा डिटेक्टर मुख्यतः २० ते १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात बघतो.

हा आकडा ऐकून बाबा जेवता जेवता थांबले. “अगं, हे तर आमचेच एक्स-रे आहेत न. हाताचा फोटो काढतो तो पन्नास केव्हीवर.” केव्ही म्हणजे किलोव्होल्ट, तेवढ्यावर निघणाऱ्या फोटॉनची ऊर्जा तेवढ्याच किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते. मला हे सुचलंच नव्हतं. मनगटाचं हाड बघायला वापरतात त्याच जातीचे फोटॉन साडेसहा हजार प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्रॅबकडून येतात. आपलं वातावरण ते खाली पोचू देत नाही म्हणून उपग्रह लागतो. फरक संख्येचा. दवाखान्यात क्षणभरात इतके फोटॉन पडतात की त्यांची सरळ सावलीच उमटते. आकाशातले मात्र एकेक टिपून, प्रत्येकापुढे वेळ आणि ऊर्जा लिहून ठेवावी लागते. म्हणूनच माझ्या फाइलमध्ये चित्र नव्हतंच. होती ती लांबच लांब यादी: अमुक वेळी, अमुक पिक्सेलवर, इतकी ऊर्जा.

दुसऱ्या रविवारी बाबांनी मला त्यांच्या खात्यात नेलं. आता तिथं डिजिटल पॅनेल आहे. ते म्हणाले, या पॅनेलमध्ये सीझियम आयोडाइडचा थर असतो, त्यावर एक्स-रे पडला की उजेड निघतो आणि खालचं सिलिकॉन तो वाचतं. मी त्यांना सांगितलं की ॲस्ट्रोसॅटवर सीझेडटीच्या खाली हेच सीझियम आयोडाइड आहे, २० मिलिमीटर जाड. तिथं त्याचं काम पहारेकऱ्याचं. एखादा कण दोन्हीकडे एकाच क्षणी लागला तर तो आरपार निघून गेलेला कण, ताऱ्याचा फोटॉन नव्हे, म्हणून ती नोंद बाद. दुसऱ्या दिवशी मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी थेट कपाटातून थॅलियम मिसळलेल्या सीझियम आयोडाइडचा एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. थॅलियम कशाला, त्याचा उजेड कुठल्या रंगाचा, तो विझायला किती वेळ लागतो, यावर दीड तास गेला. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्या दीड तासातून निघालं असं मला वाटतं.

मग साफसफाई. पहिल्यांदा कच्च्या नोंदींचा आलेख काढला तेव्हा धस्स झालं. क्रॅब म्हणजे एक्स-रे आकाशातल्या ठळक वस्तूंपैकी एक, आणि आलेखात नुसते उंच सुळके. त्यातला एकही क्रॅबचा नव्हता.

पहिली चाळणी वेळेची. उपग्रह दक्षिण अटलांटिकवरच्या, कणांनी गच्च भरलेल्या पट्ट्यातून जातो तेव्हा उपकरण बंद ठेवतात आणि त्याच्या कडेचा वेळही भरवशाचा नसतो. शिवाय साधारण ९८ मिनिटांच्या प्रत्येक फेरीत काही वेळ पृथ्वीच क्रॅबच्या आड येते. हे सगळं वगळून उरतो तो चांगला वेळ. दुसरी चाळणी पिक्सेलची. काही पिक्सेल काहीही न पडता बडबडत असतात. इथंही बाबांनी मान डोलावली. त्यांच्या पॅनेलचं कॅलिब्रेशन करतात तेव्हाही खराब पिक्सेलचा नकाशा बनतो आणि ते वगळले जातात. “नाही वगळले तर फोटोत ठिपका दिसते आणि डॉक्टर विचारते, हे काय होय?”

तिसऱ्या चाळणीनं मला सगळ्यात जास्त शिकवलं. अवकाशातला एखादा वेगवान कण उपग्रहाच्या धातूवर आदळला की त्यातून दुय्यम कणांचा फवारा उडतो आणि काही दशलक्षांश सेकंदांत कितीतरी पिक्सेल एकदम पेटतात. पाइपलाइनमध्ये याला बंच म्हणतात. ताऱ्याचे फोटॉन असे घोळक्यानं येत नाहीत, एकेकटे येतात. म्हणून इतक्या थोड्या वेळात दाटीनं आलेल्या नोंदी काढून टाकायच्या. मी ती पायरी चालवली आणि निम्म्याहून जास्त यादी नाहीशी झाली. मला वाटलं, काहीतरी बिघडवलं. पुन्हा चालवली, पुन्हा तेच. मग एक बंच उघडून नोंदी डोळ्यांनी वाचल्या. शेजारशेजारचे पिक्सेल, वेळ जवळजवळ तोच, पुढं बराच वेळ सामसूम, आणि परत तसाच घोळका. त्या दिवसापासून प्रत्येक पायरीआधी आणि नंतर थोड्या नोंदी स्वतः वाचायची सवय लावली. प्रोजेक्ट करणाऱ्यानं आणखी काही नाही केलं तरी एवढं करावंच.

हे झाल्यावरही पार्श्वभूमी उरतेच. तिच्यासाठी डिटेक्टरच्या वर टँटलमचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आहे, ठरावीक नक्षीत भोकं पाडलेला. आमच्या जुन्या वाड्याच्या खिडकीला लाकडी जाळी होती. भिंतीवर तिची सावली कुठं पडली यावरून आजी वेळ सांगायची. इथं तेच. क्रॅबकडून आलेले किरण जाळीतून काही पिक्सेलवर पडतात, काही सावलीत राहतात. पार्श्वभूमीला मात्र उजेड-सावली सगळं सारखं. उघड्या पिक्सेलमधून झाकलेले वजा केले की क्रॅब उरतो. असा काढलेला स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती फोटॉन, एक्सस्पेक या प्रोग्रॅममध्ये ‘पॉवर लॉ’ या गणिती सूत्राशी जुळवून बघितला तेव्हा उतार २.१ च्या जवळ आला, क्रॅबसाठी सगळीकडे छापलेला आकडा. ऊर्जा बरोबर वाचली जाते की नाही ते तपासायला उपकरणातच किरणोत्सारी अमेरिशियम-२४१ चा अंश ठेवलाय, त्याची रेषा ५९.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला दिसायला हवी. ती दिसत होती. त्या रात्री मी निवांत झोपले.

मग ठोके. क्रॅबच्या मध्यावर तो न्यूट्रॉन तारा आहे, १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदलेल्या स्फोटातून उरलेला. तो सेकंदाला जवळजवळ ३० फेऱ्या घेतो, म्हणजे एक फेरी सुमारे ३३ मिलिसेकंदांची. डिटेक्टर प्रत्येक फोटॉनची वेळ २० मायक्रोसेकंदांपर्यंत लिहितो. तेव्हा यादी ३३ मिलिसेकंदांच्या घड्या घालून एकावर एक रचली की ठोका उभा राहायला हवा. मी घडी घातली. सपाट रेघ. काळ थोडा बदलून बघितला, तरी सपाट. नऊ दिवस असे गेले आणि मी खरंच रडकुंडीला आले होते.

मॅडमनी आलेख बघितला आणि विचारलं, “वेळ कुणाच्या घड्याळाची?”

“उपग्रहाच्या.”

“आणि उपग्रह एका जागी उभा आहे का?”

तिथंच टेबलावर गणित मांडलं. उपग्रहाच्या कक्षेची त्रिज्या साधारण ७,००० किलोमीटर, ते अंतर कापायला प्रकाशाला २३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका फेरीत उपग्रह क्रॅबच्या दिशेनं पुढं-मागं होतो तेवढ्यानंच फोटॉनची वेळ वीसेक मिलिसेकंद इकडे-तिकडे सरकते आणि ठोका तर ३३ चा. पुसला जाणारच. त्यात पृथ्वी सूर्याभोवती फिरते, ती सरकवते ५०० सेकंदांपर्यंत. म्हणून प्रत्येक फोटॉनची वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राशी नेऊन मांडावी लागते. ॲस्ट्रोसॅटसाठी तो प्रोग्रॅम तयार मिळतो, त्याला उपग्रहाच्या कक्षेची फाइल द्यावी लागते. मी ती पायरी ऐच्छिक समजून सोडली होती.

दुसरी चूक तारखेची निघाली. हा तारा दिवसाला सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी मंदावतो. इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेकडून क्रॅबच्या ठोक्याचं कोष्टक दर महिन्याला निघतं, त्यातली माझ्या निरीक्षणाच्या महिन्याची ओळ घ्यायला हवी होती, मी भलत्याच महिन्याची घेतली होती.

दोन्ही दुरुस्त करून रात्री साडेबाराला पुन्हा चालवलं. लाइट नुकतीच येऊन बसली होती, कूलर परत सुरू झाला होता. आलेख उमटला आणि त्यात दोन शिखरं होती. एक अरुंद, दुसरं जरा रुंद, मधलं अंतर एका फेरीच्या ०.४ च्या आसपास, आणि दोघांच्या मध्ये उतरून न गेलेला एक पूल. बाबांना उठवलं. ते चष्मा शोधत आले, पडद्याजवळ वाकून बघितलं आणि विचारलं, “किती फोटॉन टाकून दिले न हे दिसलं?” मी सांगितलं, बहुतेक सगळे. ते काही वेळ तसेच वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “आणि जे टाकले ते सगळे खरंच टाकायचे होते, हे कोणं पाहिलं?”

सकाळी मी आउटपुटचं फोल्डर पुन्हा उघडलं. पाइपलाइन एक वेगळी फाइल बनवते, दुहेरी नोंदींची. शेजारच्या दोन पिक्सेलवर एकाच वेळी पडलेल्या. ती मी कचरा समजून उघडलीच नव्हती. त्यातल्या काही नोंदी म्हणजे एका पिक्सेलमध्ये कॉम्प्टन विकिरण होऊन, म्हणजे इलेक्ट्रॉनला धडकून दिशा बदलून, शेजारच्या पिक्सेलमध्ये शोषला गेलेला एकच फोटॉन. तो कुठल्या बाजूला उडाला यात त्याचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, लपलेलं असतं. सीझेडटीआयच्या चमूनं नेमक्या अशाच नोंदींतून, १०० ते ३८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात, क्रॅबच्या ध्रुवीकरणाचं मापन ठोक्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांसाठी केलं आणि ते २०१७ साली प्रसिद्ध झालं.

त्यासाठी माझ्या एका निरीक्षणाइतका वेळ अजिबात पुरत नाही. क्रॅबची आणखी सहा निरीक्षणं निवडून ठेवली आहेत. आज रात्री पहिलं डाउनलोडला लावते आहे.