घंटीचा भाग

पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या कॅसेटी आधी वासानेच कळतात. ओल्या गोणपाटासारखा तो वास आला तेव्हा दुकानाचं शटर मी अजून पुरतं वरही केलं नव्हतं. पायरीवर ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा उभे होते. एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"ताई, जुन्या कॅसेटी मोबाइलवर घेऊन देता ते तुम्हीच ना?"

पिशवीत व्हिडिओच्या सहा व्हीएचएस कॅसेटी निघाल्या. एकीवरही नाव नाही, चिकटवलेले कागद कसरीने खाऊन टाकलेले. चार कॅसेटींच्या खिडकीतून आतल्या गुंडाळीवर पांढरी बुरशी स्पष्ट दिसत होती.

"सहाही करायच्या का काका?"

"छे. एकच. ज्यात घंटीचा भाग आहे ती."

पुण्यात पेठेत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आधी वडिलांचं, मग त्यांचं. आता बंद आहे. पण बोटांच्या पेरांत मुरलेलं ग्रीस काही गेलेलं नाही. घंटीचा भाग म्हणजे दूरदर्शनवर १९९३ साली लागलेल्या 'ब्योमकेश बक्षी' ह्या रहस्यमालिकेतला, हे मला लगेच कळलं. बासू चटर्जींची ती मालिका मी शाळकरी वयात पाहिली होती. रजित कपूरचा धोतरातला ब्योमकेश, के. के. रैनाचा अजित, त्याचा सोबती. आणि ती गोष्ट तर विसरणं शक्यच नाही. कलकत्त्याच्या रस्त्यावर भरदिवसा माणसं छाती धरून कोसळतात. गोळीचा आवाज नाही, हल्लेखोर कुणाला दिसत नाही, आणि मेलेल्याच्या काळजात ग्रामोफोनची पिन. शेवटी उलगडा होतो तो सायकलच्या घंटीचा. मारेकरी सायकलवरून येतो, समोरचा बाजूला व्हावा म्हणून घंटी वाजवतो, आणि त्याच घंटीत बसवलेल्या यंत्रातून पिन सुटते. घंटीच्या आवाजाकडे रस्त्यात कोण लक्ष देणार?

मी त्यांना खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, काका, ही मालिका आता इंटरनेटवर पाहायला मिळते, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने पुन्हा दाखवलीही होती. बुरशी आलेली कॅसेट वाचेलच याची खात्री नाही, उगाच पैसे घालवू नका.

"नातीनं दाखवला मोबाइलवर," ते म्हणाले. "स्वच्छ आहे. पण तो सगळ्यांचा. मला आमचा पाहिजे."

'आमचा' म्हणजे काय, ते तेव्हा मला कळलं नाही. विचारलंही नाही.

सहातली नेमकी कोणती, हा पहिला प्रश्न. बुरशीची कॅसेट यंत्रात घालून पुढे-मागे पळवून बघता येत नाही. पांढरी पूड फीत वाचणाऱ्या फिरत्या हेडवर बसते, हेड चोंदतं, आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही तीच लागण होते. व्हीसीआर, म्हणजे ह्या कॅसेटी लावायचं यंत्र, बनवणारी जगातली शेवटची कंपनी २०१६ मध्ये थांबली. माझ्याकडची तीन यंत्रं बिघडली तर चौथं आणायचं कुठून? म्हणून प्रत्येक कॅसेट आधी उघडून, पुसून मगच लावायची. एका कॅसेटला अर्धा दिवस सहज जातो.

मी सहाही कॅसेटी टेबलावर उलट्या मांडल्या. व्हीएचएसच्या मागच्या कडेला प्लास्टिकची छोटी कळी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. जपायचं असेल ते लोक मोडून ठेवत. सहापैकी दोनच कॅसेटींची कळी मोडलेली होती, आणि त्यातल्या एकीच्या भोकावर पिवळी पडलेली सेलोटेप होती. म्हणजे कुणीतरी ही कॅसेट जपायची म्हणून कळी मोडली, आणि नंतर दुसऱ्या कुणीतरी भोक बुजवून तिच्यावर दुसरं काही भरलं.

"काका, घरात सेलोटेप लावणारं कोण होतं?"

ते थोडा वेळ बघत राहिले. "आमचा धाकटा. मॅचसाठी काहीही करायचा." मग एकदम म्हणाले, "हीच. ह्याच्यावरनंच घरात भांडण झालं होतं. दोन दिवस ही त्याच्याशी बोलली नाही."

मला मनापासून आनंद झाला. ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. सत्य शोधणारा. त्या गोष्टींत पाठलाग थोडा आणि बघणं जास्त. कुठला कागद दुमडलाय, कुणाच्या बोलण्यात कुठला शब्द दोनदा आला. वर्तमानपत्रातल्या एका विचित्र जाहिरातीवरून तो मारेकऱ्यापर्यंत पोहोचतो. वाटेतला काटा दूर करायचा असेल त्याने शनिवारी संध्याकाळी अमुक कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहावं, अशी ती जाहिरात. माझं कामही त्याच जातीचं आहे असं मला नेहमी वाटतं, आणि त्या मालिकेचं माझ्यावर ते ऋण आहे.

कॅसेट उघडली. पाच स्क्रू. मास्क लावून, खिडकी उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाच्या चिमटीतून फीत हाताने पुढे घेत गेले. आजोबा स्टुलावर बसून टक लावून बघत होते. मध्येच म्हणाले, "साखळी अशीच पुसतात, रॉकेलनं." तासाभराने फीत एका जागी तटकन तुटली. तिथे बुरशीने दोन वेढे एकमेकांना चिकटवून टाकले होते. आजोबा स्टुलावरून उठलेच. मी त्यांना फीत दाखवली. रुंदी अर्धा इंच, आणि यंत्रात ती सेकंदाला साधारण २.३४ सेंटिमीटर सरकते. तुटलेली टोकं सरळ कापून मागच्या बाजूने जोडपट्टी लावली. गेली असेल सेंटिमीटरभर, म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी. "पंक्चर काढताना ट्यूब घासावीच लागते," ते म्हणाले आणि पुन्हा बसले.

दुपारी फीत नव्या खोक्यात घालून यंत्राला लावली. चित्र आलं. मैदान, दिव्यांचा झोत, प्रचंड गोंगाट. कलकत्त्याचं ईडन गार्डन्स, २४ नोव्हेंबर १९९३, हीरो कपची सेमीफायनल. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्यात आणि चेंडू सचिनच्या हातात. निकाल पाठ असूनही आम्ही दोघं गप्प झालो. तीनच धावा दिल्या त्याने. आपण दोन धावांनी जिंकलो.

"हीरो," आजोबा म्हणाले. "सायकलच्याच नावाचा कप. आणि घंटी मात्र पुसली."

"थांबा काका, अजून फीत आहे."

व्हीसीआरमध्ये आधीचं पुसणारं हेड अलीकडे असतं आणि नवं लिहिणारं पलीकडे. वरून भरलेलं रेकॉर्डिंग जिथे थांबतं तिथे दोघांमधला तुकडा पुसलेला असतो, पण त्यावर लिहिलेलं काहीच नसतं. म्हणून पडद्यावर दोन-तीन सेकंद नुसत्या मुंग्या येतात. त्यानंतर खालचं जुनं रेकॉर्डिंग असेल, तर ते सुरू होतं. बक्षीस समारंभ मध्येच तुटला. मुंग्या आल्या. मी श्वास रोखून धरला.

आणि ब्योमकेश बोलत होता. वाक्याच्या मधूनच.

रंग फिके पडले होते, खालच्या कडेला पट्टा थरथरत होता, पण आवाज स्वच्छ होता. गोष्ट निम्मी झालेली, सुरुवातीचे खून मॅचखाली गेलेले. आजोबा पुढे सरकले. काही मिनिटांनी चित्राला बारीकसा झटका बसला, साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचा अर्धा शब्द ऐकू आला आणि लगेच पुन्हा मालिका.

"इथं," ते म्हणाले. "परत घ्या."

मी मागे घेतलं. झटका, अर्धा शब्द, मालिका.

"हिनं दाबलंय हे."

जाहिरात लागली की रेकॉर्डिंग थांबवायचं आणि मालिका सुरू झाली की पुन्हा चालू करायचं, हे काम त्यांच्या पत्नीचं होतं. रिमोट तिच्या हातात. ती कायम थोडी उशिरा दाबायची, कारण खुनी कोण ह्याचा विचार करत बसायची. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयच्या पुस्तकांवर वाढलेली बाई, लायब्ररीतून आठवड्याला चार आणायची. टीव्हीसमोर बसली की भाजी निवडता निवडता नाव सांगून मोकळी व्हायची, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. जाऊन चार वर्षं झाली तिला. घरात तिचे फोटो आहेत, पण आवाजाची फीत किंवा हलतं चित्र एकही नाही. कॅमेरा दिसला की आत निघून जायची.

म्हणजे त्या कॅसेटवर ती दिसत नव्हती, ऐकूही येत नव्हती. पण अर्ध्या शब्दावर तुटलेली ती जाहिरात तिचीच होती. तो जोड दुसऱ्या कुठल्याही प्रतीत असणं शक्य नाही. १९ वर्षांत मी हजारो असे जोड पाहिले आहेत, आणि गिऱ्हाइकाला स्वच्छ माल द्यायचा म्हणून त्यातले कितीतरी कापून टाकले आहेत. त्या दुपारी मला त्याचं फार वाईट वाटलं.

घंटीचा उलगडा आला तेव्हा आजोबांनी वर्तमानपत्राचं पुडकं सोडलं. आत जुनी पितळी वाटीची घंटी. वाटी फिरवून काढली आणि आतलं दाखवलं. अंगठ्याने दाबायचा खटका, त्याला दाते, दात्यांनी गरगर फिरणारी पट्टी, पट्टीच्या टोकांना सैल वायसर. ते वायसर वाटीला आपटतात आणि ट्रिंग होतं. खटका जागेवर आणायला केसाएवढी स्प्रिंग.

"ह्या स्प्रिंगनं माणूस मरतोय होय? दुसऱ्याच दिवशी दुकानात सगळं काढून बघितलं मी. जाड स्प्रिंग बसवली, नळी बसवली, ग्रामोफोनची पिन जुन्या बाजारातून आणली. हिनं बटाटा दिला नेम धरायला."

"मग?"

"नखभर गेली आत. नंतर पिन काढून तो बटाटा रश्श्यात टाकला हिनं." ते हसले. "मी म्हणालो, लेखकानं थाप मारलीय. ही म्हणाली, थाप नाही, घंटी नुसती आवाजाला असणार, मारायचं यंत्र निराळं. नीट बघ, म्हणाली, कॅसेट लाव. कॅसेट लावायला गेलो तर मॅच."

त्यांनी नळी बसवलेली जागा मला दाखवली. वाटीच्या बुडाशी कानशीने घासलेलं, मसुराएवढं भोक. तीस वर्षांपूर्वीची खूण, पण कडा अजून गुळगुळीत. मालिकेतली घंटी त्यांनी चार वेळा थांबवून बघितली. काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. बायकोचं बरोबर होतं, असा अर्थ मी घेतला.

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी मला फार आवडते. ब्योमकेशचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईत आले, आणि १९५२ मध्ये सिनेमा सोडून पुण्यात येऊन राहिले. पुढच्या कितीतरी ब्योमकेशकथा त्यांनी पुण्यात बसून लिहिल्या. एक तर महाबळेश्वरला घडते. घंटीची गोष्ट मात्र त्याआधीची, १९३२ च्या सुमाराची. मराठी वाचकांनी हा माणूस आपला म्हणून का मिरवला नाही, ह्याची मला खंत आहे.

"पुण्यात?" आजोबा कितीतरी वेळ घंटी हातात धरून बसले. "बावन्न सालचं पुणं म्हणजे नुसत्या सायकली. रस्त्यावर तोच आवाज. कानावर पडला असेलच त्यांच्या." आणि जरा थांबून, "वडिलांच्या दुकानात हवा भरायला आले असतील."

संध्याकाळी पेन ड्राइव्ह तयार केला. विचारलं, "मॅच वेगळी काढून देऊ? मधल्या मुंग्या आणि ते झटके काढता येतील."

"मॅच राहू दे, धाकट्याला बघायचीय. मुंग्या राहू द्या. झटके तर अजिबात काढू नका."

उरलेल्या भागात तिचे दोन जोड होते. ते कितव्या मिनिटाला आहेत ते लिहून द्या, म्हणाले. मी बिलाच्या मागे मिनिट आणि सेकंद मोठ्या अक्षरात लिहिले. चष्मा वर करून त्यांनी आकडे दोनदा वाचले, कागदाची घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, घंटीची वाटी फिरवून बसवली आणि उरलेल्या पाच कॅसेटींची पिशवी माझ्या टेबलावर सरकवली.

"ह्यांचंही बघा," म्हणाले. "घाई नाही. पण काही कापू नका."