बादलचा डावा पुढचा पाय: दिवाळीपर्यंतची प्रगती

आधी आजची स्थिती सांगते. लंगडत असलेला आमचा घोडा बादल आता कडक जमिनीवर, सरळ रेषेत, ट्रॉटला (दुडक्या चालीत) स्वच्छ चालतोय. डावीकडच्या लहान वर्तुळावर मात्र अजून डोक्याचा बारीक झोका (नॉड) दिसतो. उड्या बंदच आहेत. नव्याने वाचणाऱ्यांसाठी ओळख: बादल हा रेसमधून निवृत्त झालेला कुमैत (तांबूस-तपकिरी) थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा. त्यानंतर पुण्यात शो जंपिंग करायचा, आणि मीटरभर उंचीचे अडथळे मनापासून घ्यायचा.

पहिली खूण सईसदादांनी (बादलची देखभाल करणारे) सांगितली. ‘ताई, हा उतरणीला पाऊल आखडतं टाकतोय. उभा राहिला की डावा पाय पुढे काढून ठेवतो.’ त्याच सुमारास तो डाव्या लीडवर (धावताना डावा पुढचा पाय आघाडीला ठेवणं) यायला टाळाटाळ करायला लागला होता आणि अडथळ्यापुढे वेग तोडत होता. अशा वेळी ‘आज मूड नाही’ असं तबेल्यात सहज म्हटलं जातं. माझं ठाम मत आहे की मनापासून उडी घेणारा घोडा अचानक नकार द्यायला लागला, तर प्रशिक्षण बदलण्याआधी त्याचे पाय बघावेत.

घोड्यांचे डॉक्टर येईपर्यंत वेदनाशामक काहीच दिलं नाही. ब्यूट (घोड्यांचं नेहमीचं वेदनाशामक) दिलेल्या घोड्याची तपासणी म्हणजे पुसलेल्या पाटीवरचं वाचायला जाणं. आधी सिमेंटच्या पट्टीवर सरळ ट्रॉट झाला, मग लंजवर (लांब दोरीवर वर्तुळात) डावीकडे आणि उजवीकडे. नव्या मंडळींसाठी ढोबळ नियम असा: पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीवर टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. लगाम घट्ट धरून पळवलं तर हे दिसतच नाही, म्हणून दोरी सैल हवी. सरळ रेषेत बादलचा नॉड कधी दिसायचा, कधी नाही. कडक जमिनीवर डाव्या वर्तुळाला मात्र तो दर पावलाला होता. 0 ते 5 च्या प्रचलित श्रेणीत (0 म्हणजे लंगडणं नाही) डॉक्टरांनी 2 लिहिलं. मी फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करून ठेवलं. बारीक लंगडणं डोळ्यांना फसवतं, आणि महिन्यांनी तुलना करायला व्हिडिओइतकं उपयोगी काही नाही.

फेटलॉक (पायाचा खुराच्या वरचा, घोट्यासारखा दिसणारा सांधा) दुमडून धरण्याच्या चाचणीत थोडाच फरक पडला. त्यावर डॉक्टरांनी भर दिला नाही, कारण निरोगी घोडाही त्यानंतर दोन-चार पावलं आखडू शकतो. हूफ टेस्टरने (खूर दाबून पाहायच्या चिमट्याने) टाचेकडच्या भागात दाबल्यावर त्याने पाय ओढून घेतला. खुरात उष्णता नव्हती, पॅस्टर्नवरची (खूर आणि फेटलॉक यांच्या मधला भाग) नाडीही ठणकत नव्हती. त्यामुळे पावसाळी दिवसांत सगळ्यांच्या डोक्यात आधी येणारा खुरातल्या गळूचा संशय मागे पडला.

मग नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधिर करून दुखण्याची जागा शोधणं. माझ्या मते सगळ्या तपासणीचा कणा हाच. पॅस्टर्नच्या मागच्या बाजूने खुरात उतरणाऱ्या दोन नसांजवळ थोडं बधिर करणारं औषध टोचलं आणि दहा मिनिटांच्या आत पुन्हा ट्रॉट घेतला. जास्त थांबलं तर औषध वर पसरतं आणि उत्तर धूसर होतं. डाव्या पायाचा नॉड गेला, आणि उजव्या वर्तुळावर उजवा पाय लंगडायला लागला! दुखणं दोन्ही पायांत होतं, डाव्यात जास्त. म्हणून तर सरळ रेषेत ते लपत होतं: दोन्हीकडे दुखलं की घोडा झुकणार कुठल्या बाजूला? तो फक्त पावलं आखूड करतो.

इथे एक सावधगिरी. हा ब्लॉक लागू पडला म्हणजे ‘नॅव्हिक्युलर’ (खुरातल्या टाचेकडच्या लहान हाडाचं दुखणं) असा शिक्का मारू नये. त्याने टाचच नाही, तळव्याचा बराचसा भाग आणि खुरातला सांधाही बधिर होऊ शकतो. नाल काढून घेतलेल्या एक्स-रेमध्ये नॅव्हिक्युलर हाडात मोठा बिघाड दिसला नाही. पण खुराच्या आतले स्नायुबंध एक्स-रेत दिसत नाहीत, त्यामुळे त्या बाजूचा प्रश्न उघडा ठेवला आहे. फिल्मवर स्पष्ट दिसलं ते वेगळंच: अंगठा (खुराचा पुढचा भाग) लांब, टाच खाली बसलेली, पॅस्टर्नची रेषा खुरापाशी मागे मोडलेली. रेसमधून आलेल्या थरोब्रेडमध्ये हे फार पाहायला मिळतं. अशा खुरात पाऊल उचलताना खोल फ्लेक्सर टेंडनचा (पायाच्या मागून खुरात उतरणाऱ्या कंडरेचा) दाब नॅव्हिक्युलर हाडावर वाढतो, आणि पुढच्या पायांवर तसाही शरीराचा सुमारे 60 टक्के भार असतो.

त्यामुळे उपचाराचा मुख्य माणूस ठरला नालबंद. आमचे नालबंद चाचा आणि डॉक्टर एक्स-रे समोर ठेवून एकत्र बसले, हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं. अंगठा मागे घेतला, पुढून गोलाई दिलेली नाल लावली, टाचेला मागपर्यंत आधार दिला. सुरुवातीला थोडी पाचरही होती. टाच उचलली की टेंडनचा ताण उतरतो, पण पाचर कायम ठेवली तर तीच टाच आणखी चिरडते, म्हणून तिसऱ्या नालबंदीला ती काढली. आता दर 5 आठवड्यांनी नाल बदलतो. ब्यूट थोडेच दिवस दिलं, कारण जठराचे व्रण हा त्याचा खरा धोका आहे. सांध्यात स्टिरॉइड टोचायचा विचार डॉक्टरांनी सध्या बाजूला ठेवलाय. मला ते पटलं.

पावसाळ्याने परीक्षा पाहिली. सतत ओल्या जमिनीत तळवा मऊ पडतो, फ्रॉग (तळव्याचा मऊ त्रिकोणी भाग) कुजतो, खिळे सैल होतात. सईसदादांनी रोज दोनदा खूर कोरून, पुसून कोरडे केले आणि ठाणावरचा ओला भुसा लगेच हलवला. या प्रगतीतला मोठा वाटा त्यांचा आहे.

व्यायामात आधी फक्त हातात धरून चालवणं, मग पाठीवर बसून सरळ रेषेत वॉक, आता मऊ रेतीवर थोडा ट्रॉट. लंज पूर्ण बंद, वर्तुळ फक्त तपासणीपुरतं. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतं, म्हणजे अंगठ्याकडची भिंत वरून खालपर्यंत नवी व्हायला वर्षाच्या आसपास लागतं. कोरोनेटखाली (खुराची वरची कडा) नव्या वाढीचा जाड, सरळ पट्टा आता बोटाला लागतो, आणि त्याचा कोन जुन्या भिंतीपेक्षा उभा आहे.

पुढच्या नालबंदीच्या वेळी बाजूने एक्स-रे पुन्हा काढणार आहोत. डाव्या वर्तुळावरचा नॉड गेला तर जमिनीवर ठेवलेले आडवे दांडे (पोल) ओलांडणं सुरू करायचे, नाही गेला तर ब्लॉक पुन्हा. कोणाच्या थरोब्रेडची खाली बसलेली टाच अशीच वर आली असेल, तर नालेचा प्रकार आणि लागलेला वेळ जरूर कळवा. चाचांनाही ऐकायचं आहे.