चिमटा बदलला, सायकल तीच

खडीच्या उतारावरून आले की अर्धा तास बोटांना झिणझिण्या. सायकल जुनी, 26 इंची चाकांची, सरळसोट पोलादी चिमट्याची. फ्रेम इतकी ठणठणीत की टाकून द्यायला जीव होईना. म्हटलं, पुढे सस्पेन्शनचा फोर्क, म्हणजे धक्के झेलायला दबणारा चिमटा बसवू, दोन तासांचं तर काम.

पहिला फोर्क मी निव्वळ हौसेने घेतला. 100 मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबू शकणारा. जास्त ट्रॅव्हल म्हणजे जास्त आराम, एवढंच डोक्यात. घरी आणून जुन्या चिमट्याशेजारी उभा केला तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अगं, हा केवढा उंच! आधी मोज तरी." चाकाच्या आसापासून क्राउनपर्यंत, म्हणजे चिमट्याचे दोन पाय वर जुळतात तिथपर्यंत, जुना 400 मिमी, नवा 470. माझ्या वजनाने तो पंचवीसेक मिमी दबला असता असं धरलं, तरी सायकलचं नाक साडेचार सेंटिमीटर वर. पुढचा भाग दोन सेंटिमीटर उचलला की हेड ट्यूबचा (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीचा) कोन साधारण एक अंशाने कलतो. म्हणजे इथे दोन अंशांहून जास्त. चढावर पुढचं चाक भरकटलं असतं आणि जुन्या फ्रेमच्या सांध्यांवर ताण आला असता तो वेगळाच. निमूटपणे परत केला.

दुसऱ्या वेळी मोजपट्टी घेऊनच बसले. 80 मिमीचा, 445 मिमी उंचीचा फोर्क मिळाला. तोही सहज नाही. हल्लीच्या बऱ्याच फोर्कची स्टिअरर ट्यूब, म्हणजे हेड ट्यूबमधून वर जाणारी नळी, खाली जाड असते, ती माझ्या सरळ हेड ट्यूबमध्ये शिरणारच नाही. मला वरपासून खालपर्यंत 28.6 मिमी हवी होती. शिवाय माझे ब्रेक रिमवरचे व्ही-ब्रेक, आणि नव्या फोर्कांना त्यांचे खुंट असतातच असं नाही.

जुना चिमटा आट्यांचा, नवा बिनआट्यांचा. त्यामुळे हेडसेट (हेड ट्यूबमधली बेअरिंग) आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) दोन्ही बदलणं आलं. जुना हेडसेट उघडला तर ग्रीसचा अक्षरशः डांबर झालेला. दोन छर्रे घरंगळत कपाटाखाली गेले ते गेलेच. जुने कप, म्हणजे बेअरिंगच्या वाट्या, आतून दांडीने ठोकून काढले. नवे बसवताना मात्र हातोडा लावला नाही. आट्यांचा लांब रॉड, दोन्ही टोकांना जाड वायसर आणि नट घेतले, आणि पाना हळूहळू फिरवत कप सरळ आत ओढले.

स्टिअरर कापायची वेळ आली तेव्हा हात थरथरत होता. एकदा आखूड कापली की झालं. स्टेमखाली दोन स्पेसर (कडी) जास्तीचेच ठेवले आणि स्टेमच्या वरच्या कडेपासून 3 मिमी खाली खूण केली. खुणेवर पाइपाची क्लिप आवळली म्हणजे करवत घसरत नाही. कड कानशीने घासली. नळीतला स्टार नट, ज्यात स्टेमवरच्या टोपीचा म्हणजे टॉप कॅपचा बोल्ट फिरतो, तो मात्र वाकडाच बसला. बोल्ट जेमतेम लागला, पण लागला.

इथे एक गोष्ट मला उशिरा कळली. टॉप कॅप काहीच धरून ठेवत नाही, ती फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढते. धरतात ते स्टेमचे बाजूचे बोल्ट. म्हणून आधी कॅप, मग बोल्ट. मी उलटं केलं होतं. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली, खालच्या कपाच्या सांध्यावर बोट ठेवलं, तर आत टकटक. बोल्ट सैल केले, कॅप पाव फेरा फिरवली, बोल्ट परत आवळले. टकटक गेली.

मग माझ्या वजनाने फोर्क किती दबतो ते पाहायला त्याच्या नळीवर रबराचं कडं चढवलं, सायकलवर अलगद बसून उतरले. कडं 12 मिमीवर सरकलेलं. 16 ते 20 हवं होतं, म्हणून फोर्कमधली थोडी हवा सोडली.

दोन तासांचं काम पाच रविवार चाललं. सायकल पुढून चांगलीच जड झाली, जिना चढवताना खांद्याला कळतं. उतारावर झिणझिण्या नाहीत. पण चढावर उभं राहून पेडल मारलं की पुढचा भाग डोलतो आणि निम्मा जोर त्यातच जातो, म्हणून चढ आता मी बसूनच चढते.