ऑर्डर होती, पुरी केली

भोसरी-चाकणच्या भट्टीवाल्या कारखानदारांबरोबर दुभाषी म्हणून मी जर्मनीला गेले होते. भट्टीवाले म्हणजे हीट ट्रीटमेंटच्या, धातू तापवून मजबूत करायच्या, फर्नेस बनवणारे. थुरिंगिया या तिथल्या राज्यातल्या एका कंपनीशी बोलणी चालली होती आणि त्या दिवशी दुपार मोकळी होती. मंडळींना खरेदीला जायचं होतं.

सकाळी नाश्त्याला शिस्तीचा विषय निघाला आणि आमच्यातले एक शेठ हसत म्हणाले, “आपल्याकडेही एक हिटलर पाहिजे.” हे वाक्य आपण लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकतो, कुणी मान वर करत नाही. पण नाव तेवढं कुठल्याही भाषेत कळतं. यजमान कंपनीच्या मॅनेजरने मला विचारलं, काय म्हणाले? मी जसंच्या तसं सांगितलं. तो काही बोलला नाही. दुपारी गाडी मॉलकडे न जाता एरफुर्टमधल्या एका जुन्या कचेरीपुढे थांबली.

ती कचेरी टोप्फ आणि पुत्र या 1878 साली निघालेल्या कंपनीची. बिअरसाठी माल्ट तयार करायची यंत्रं आणि भट्ट्या हा तिचा धंदा. बुखेनवाल्ड आणि आउशवित्झ या नाझी छावण्यांतल्या प्रेतं जाळायच्या भट्ट्या हिनेच पुरवल्या. आउशवित्झच्या गॅस चेंबरमधली हवा बाहेर काढायची यंत्रणाही हिचीच. 2011 पासून त्या कचेरीत स्मृतिस्थळ आहे.

मला वाटलं होतं, मंडळी पटकन फिरून बाहेर येतील. पण भिंतीवर होते ड्रॉइंग आणि पत्रव्यवहार, आणि ते यांना माझ्याआधी कळत होतं. कोटेशन, डिलिव्हरीची तारीख, भट्टीला तडे गेल्याची तक्रार, थकलेलं बिल. अण्णा (आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, सगळेच त्यांना अण्णा म्हणत) चष्मा कपाळावर सरकवून एका ड्रॉइंगला नाक लावून उभे राहिले. “एका भट्टीत तीन मफल का?” त्यांनी विचारलं. मफल म्हणजे भट्टीतला जाळायचा कप्पा. मी गाइडला विचारलं. 1934 च्या जर्मन कायद्याने एका वेळी एकच देह जाळायचा आणि राख वेगळी ठेवायची असं बंधन होतं. छावणीच्या भट्ट्यांत ते गुंडाळून ठेवलं. फ्रिट्झ सँडर नावाच्या इंजिनिअरने तर 1942 मध्ये अखंड चालणाऱ्या भट्टीच्या पेटंटसाठी अर्ज केला. कुणी सांगितलं नसताना. कार्ल शुल्त्झे हा हवा खेळवण्याचा तज्ज्ञ मार्च 1943 मध्ये आपली यंत्रणा चालते का हे बघायला आउशवित्झला हजर होता.

“धंद्यात याचा वाटा किती?” धाकट्या पार्टनरने विचारलं. दोन टक्क्यांच्या आसपास.

“मग नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं की!”

हेच तिथलं सगळ्यात जड वाक्य, आणि ते आमच्या माणसाच्या तोंडून आलं. टोप्फ बंधू काही कडवे नाझी नव्हते. त्यांच्या कारखान्यात कम्युनिस्टही कामाला होते. मालकांपैकी लुडविगने मे 1945 मध्ये आत्महत्या केली, ती चिठ्ठीत स्वतःला निर्दोष म्हणवून. भाऊ पश्चिमेत गेला आणि त्याने पुन्हा भट्ट्यांचा धंदा मांडला. ड्रॉइंग काढणारे बसत तिथल्या खिडकीतून एटर्सबेर्गची टेकडी दिसते. बुखेनवाल्ड तिच्यावरच.

शेठनी मॅनेजरला गाठलं. “तुमचा तर तेव्हा जन्मही नव्हता. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?”

तो म्हणाला, गुन्हा माझा नाही, कोर्टात उभा केलात तर सुटेन. पण आजोबांच्या कारखान्याची जमीन मी घेतो, तर कर्ज कसं नाकारू? मग त्याने स्वतःच्याच लोकांची खरडपट्टी काढली. पूर्व जर्मनीत हा कारखाना सरकारी झाला, आणि फॅसिस्ट ते पलीकडचे, पश्चिम जर्मनीतले, असं शाळेत शिकवलं गेलं. 2001 मध्ये तरुणांनी रिकाम्या आवारात ठाण मांडलं आणि भट्ट्यांचा विषय लावून धरला. त्यांना 2009 मध्ये पोलिसांनी बाहेर काढलं. जर्मनांना पश्चात्ताप आपोआप झाला असं मानणाऱ्यांनी हा भाग जरूर ऐकावा. 2024 च्या निवडणुकीत याच थुरिंगियात, हे स्मरण पुरे झालं म्हणणारा पक्ष पहिला आला, हेही त्यानेच सांगितलं.

गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, तुमच्याकडे अशी जागा आहे का? अंदमान, कुणीतरी म्हणालं. जालियनवाला. तो म्हणाला, ते तुम्ही सोसलेलं. तुम्ही केलेल्याची?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, “माझं आजोळ महाडचं. 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर गावाने पंचगव्य ओतून तळं शुद्ध केलं. आजोबा त्यात होते का, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारायचंच नव्हतं.”

“अहो अण्णा,” शेठ उसळले, “घरातल्या गोष्टी परक्यापुढे कशाला?” मागून धाकटा म्हणाला, घरातल्या कशा, तळं सगळ्यांचं आहे. मग दोघांची जुंपली.

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी शेठचं वाक्यही सांगितलं. तो म्हणाला, आमच्या आजीचंही अगदी हेच म्हणणं असायचं.