झगा, वस्त्रे, तलवार, धनुष्य, कमरबंद

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असं पत्र आलं आणि मैदान, घंटा, संमेलनं सगळं मागे पडलं. आठवला तो पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या बाईंचा तास. कोणत्या बाई, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही.

बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचा १८वा अध्याय आला की बाई फळ्यावर वरचे पाच शब्द एकाखाली एक लिहायच्या. शौल राजाचा मुलगा योनाथान याने आपला मित्र दावीद याच्याशी मैत्रीचा करार केला तेव्हा अंगावरून उतरवून दिलेल्या या वस्तू. एकदा मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, "म्हणजे भेट दिली." बाईंनी खडू खाली ठेवला. "भेट आपण जास्तीच्या वस्तूची देतो. १३वा अध्याय काढा." तिथे लिहिलंय, लढाईच्या दिवशी शौल आणि योनाथान या बापलेकांखेरीज त्यांच्या लोकांपैकी कोणाकडेच तलवार किंवा भाला नव्हता. त्यानंतरची ही तलवार. आणि झगा राजपुत्राचा, गादीच्या वारसाचा. त्या दिवशी बाकीचा धडा राहूनच गेला. राहिला ते बरं झालं.

इब्री भाषेत करार 'करत' नाहीत, 'कापतात', हेही बाईंनीच सांगितलं. उत्पत्ती या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात देव अब्रामाशी करार करतो, तेव्हा तीन वर्षांची कालवड, शेळी आणि मेंढा मधोमध चिरून समोरासमोर मांडले आहेत. होला आणि पारव्याचं पिलू मात्र चिरलेलं नाही. वचन मोडलं तर माझी हीच गत होवो, असा त्या तुकड्यांमधून चालण्याचा अर्थ. पण अब्राम गाढ झोपेत आहे. तुकड्यांमधून देवाची खूण असलेली धुमसती भट्टी आणि जळती मशाल तेवढी जाते. म्हणजे जोखीम एकट्या देवाने घेतली. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने प्याला घेऊन 'माझ्या रक्तातला नवा करार' म्हटलं आणि त्याच रात्री शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हटलं, ते याच ओळीने वाचायचं. काही तासांत ते सगळे त्याला सोडून पळणार होते. लायकी सिद्ध झाल्यावर मिळणारी ही मित्राची जागा नव्हे.

मैत्री कुठे फसते तेही बाई नेमकं दाखवायच्या. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातला क्रम असा: आधी एकट्याने जाऊन चूक दाखवायची, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्यायचं, मग मंडळीला, म्हणजे चर्चच्या सगळ्यांना सांगायचं. आपण उलटं चालतो. पाच जणांना आधी कळतं, ज्याची चूक त्याला शेवटी. मग तो दुखावतो चुकीमुळे नव्हे, पाच जणांमुळे. 'प्रार्थनेचा विषय' म्हणून दुसऱ्याचं सांगणं ही बाईंच्या मते चहाडीच, आणि ते खरंच आहे.

बाईंचे विद्यार्थी आज पाळक आहेत, परिचारिका आहेत, कुणी तरुणांचे गट चालवतात. नव्या इमारतीत दोघांचा बाक जाऊन एकेकट्या खुर्च्या आल्याचं ऐकलं. वाईट वाटलं.

बाईंचा सर्वात आवडता भाग मफीबोशेथचा, योनाथानाच्या मुलाचा. शौल आणि योनाथान लढाईत पडल्याची बातमी आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. दाई त्याला घेऊन पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे राजा झालेल्या दाविदाने त्याला लो-दबार गावाहून बोलावलं तेव्हा आलेला माणूस स्वतःला मेलेलं कुत्रं म्हणतो. दावीद त्याला शौलाची सगळी जमीन परत देतो, ती कसायला शौलाचा चाकर सीबा, त्याचे १५ मुलगे आणि २० चाकर देतो, आणि रोजचं जेवण स्वतःच्या पंक्तीला. कारण एकच, योनाथानाला दिलेला शब्द. योनाथान तर केव्हाच गिलबोवा डोंगरावर लढताना पडला होता.

२ शमुवेलच्या ९व्या अध्यायाची शेवटची ओळ बाई दोनदा वाचून घेत: तो नित्य राजाच्या पंक्तीला जेवत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. पाय बरे झाले असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.