ठशावरचं प्रश्नचिन्ह

शिलालेखाच्या कागदी ठशाच्या पाकिटात मागच्या बाजूला एक कार्ड होतं. त्यावर काकांच्या बारीक, उभ्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं: ‘तिसरा अंक संशयास्पद. पुन्हा जाऊन पाहणे.’ हे मी वाचलं शनिवारी दुपारी चारला. साडेसहाला त्यांच्याच नावाच्या व्याख्यानमालेचं पहिलं व्याख्यान होतं.

ठाण्यातल्या एका छोट्या संग्रहालयात मी नोंदणीचं काम करते. काका वागळे इस्टेटच्या कारखान्यातून टूलरूममधून निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात आमच्याकडे आले. चौदा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी, बिनपगारी. कार्यक्रमपत्रिकेत त्यांना ‘इतिहासप्रेमी’ म्हटलं होतं, ते मला पटलं नाही. इतिहासावर प्रेम करणारे रोज भेटतात, पण कपाटातल्या प्रत्येक वस्तूवर अ‍ॅक्सेशन नंबर, म्हणजे संग्रहातला नोंदणी क्रमांक, घालून तो वहीशी ताडून पाहणारा माणूस मी एकच पाहिला.

ठसा घेणं हे त्यांचं खास काम. आधी शिलालेख पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा, अक्षरांच्या खाचांतली माती बांबूच्या काडीने काढायची. लोखंड लावायचं नाही. मग ओला कागद दगडावर पसरून ब्रशने ठोकायचा, मधून कडेकडे, म्हणजे खाली हवा राहत नाही आणि कागद खाचांत बसतो. तो किती वाळू द्यायचा हे हाताला कळावं लागतं. फार ओला असला तर शाई फुटते, फार वाळला तर सुटतो. काका कागदाला हाताची मागची बाजू लावून बघायचे आणि मगच शाईचा डॅबर, म्हणजे कापडी बोळा, उचलायचे. पार्श्वभूमी काळी होते, अक्षरं पांढरी राहतात. एवढं करूनही दगडाचा टवका उडाला असेल तर तोही पांढराच दिसतो. सगळी गोम तिथेच आहे.

वक्त्या पुण्याहून आलेल्या लिपितज्ज्ञ. प्रदर्शनात मांडलेला भिवंडी तालुक्यातल्या गधेगळाचा, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप कोरलेल्या दगडाचा, ठसा त्यांनी टॉर्च आडवा धरून पाहिला. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली ती शापाची आकृती. आमच्या पाटीवर ‘शके ११६८’ होतं. बाई म्हणाल्या, “हा सहा मला सहा वाटत नाही. शून्य आहे आणि शेजारी टवका. मग शके ११०८ होईल.” म्हणजे इ.स. १२४६ ऐवजी ११८६. साठ वर्षांचा फरक. म्हणून मी पाकीट उपसलं आणि कार्ड हाती लागलं. कार्डावर काकांनी ‘११६(?)८’ लिहिलं होतं.

पाटी मी केली होती. आम्हाला दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षाच्या रकान्यात फक्त चार आकडे बसतात, कंस किंवा प्रश्नचिन्ह टाकलं की नोंद साठवलीच जात नाही. शेरा लिहायला जागा नाही. जुन्या वस्तूंच्या नोंदी करणाऱ्यासाठी असला रकाना बनवणाऱ्याने एकदाही संग्रहालयात दिवस काढलेला नसणार. पण कार्ड उलटून न पाहता प्रश्नचिन्ह काढून टाकलं ते मी. काकांची शंका मी त्यांच्याच नावावर खात्री म्हणून छापली आणि ती पाच वर्षं भिंतीवर राहिली.

बाईंनी विचारलं, “व्याख्यानात सांगू का?” मी लगेच हो म्हटलं. पहिल्या रांगेत काकू बसणार होत्या. त्यांना आधी विचारायला हवं होतं का, हे अजून डोक्यातून जात नाही.

शाल-श्रीफळ आणि मनोगतांत पाऊण तास गेला, विषयाला फक्त तासभर उरला. नौपाड्यातलं सभागृह मात्र भरलेलं होतं. १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालवणारं गाव आहे हे, ऐकायला लोक येतात. किल्ल्यात १७८७ साली सापडलेल्या शिलाहार राजा अरिकेसरीच्या शके ९३९ च्या ताम्रपटाबद्दल बाई बोलल्या, तेव्हा लोक एकमेकांकडे बघायला लागले. किल्ला म्हणजे आजचं जेल, रोज त्याच्यावरून जातो आपण.

मग त्या अंबरनाथवर आल्या. मंदिरातल्या लेखाचं साल डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ वाचलं होतं, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते ९८२, म्हणजे इ.स. १०६० असं दुरुस्त केलं. एका अंकाने दोनशे वर्षं. त्यानंतर त्यांनी आमचा ठसा पडद्यावर आणला, शेजारी काकांचं कार्ड. म्हणाल्या, “इथे दुरुस्ती मी करत नाहीये. ज्यांनी ठसा घेतला त्यांनीच शंका लिहून ठेवलीय.” पाटी कोणी केली ते त्यांनी सांगितलं नाही. मी मागे उभी होते, मलाही उठून सांगता आलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी काकूंकडे गेले, पाटी माझी होती हे सांगितलं आणि कार्ड हातात दिलं. त्यांनी चष्मा बदलून ते वाचलं.

“अगं, गेले होते ते परत. दोनदा. पहिल्यांदा पाऊस लागला. दुसऱ्यांदा गेले तर गावाने दगडाला ऑइलपेंट फासलेला, देव म्हणून. त्या रात्री जेवले नाहीत.”

हे आमच्या कुठल्याही वहीत नाही. रंगाखाली तो अंक आता कुणालाच दिसायचा नाही, आमच्याकडचा ठसा तेवढा उरलाय.

सोमवारी पाटी काढली. नवी ‘शके ११०८ किंवा ११६८’ अशी हाताने लिहून लावली, सॉफ्टवेअरमधला रकाना रिकामा ठेवला. कार्डाच्या मागे काकूंनी सांगितलेलं त्यांच्या नावाने नोंदवलं. दुसऱ्या फेरीची तारीख हवी म्हणून फोन केला, पण त्यांना ती आठवेना. आंब्यांचे दिवस होते, एवढंच म्हणाल्या. तेवढंच लिहिलंय, पेन्सिलीने.